तांडेलाचा ब्रश आणि माझी किक

माझ्या मोटारसायकलचा आवाज ऐकून सफाळ्याच्या भातखाचरांतले बगळे जे उडायचे ते थेट गुजरातच्या हद्दीत जाऊन उतरायचे. हे मी सांगतो तेव्हा बायको म्हणते, "डहाणूपर्यंत सांगा. तिथवर मी कबूल करते." म्हणजे गोष्ट खरी आहे, वाद फक्त बगळ्यांच्या मुक्कामाचा.

गाडी जुनी. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल कालवून पिणारी. तिची किक डाव्या बाजूला, आणि जी किक तीच पुढे गिअरची दांडी. दांडी आत दाबून वर उचलायची, किक मारायची, आणि गाडी सुरू झाली की तीच दांडी पुढे ढकलून गिअरला लावायची. नवख्या माणसाच्या हाती ही गाडी दिली की तो आधी बराच वेळ किक शोधतो आणि मग तितकाच वेळ गिअर. त्यामुळे मला चोरांची भीती कधी वाटली नाही. एकदा बोईसर स्टेशनाबाहेरून एकाने ती ढकलत नेली, तर संध्याकाळी मुकाट्याने परत आणून लावली आणि जाताना सीट पुसूनही गेला. ही गोष्ट मी सांगायला लागलो की बायकोला आत काहीतरी काम आठवतं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो तेव्हा घेतलेली ही गाडी. मी सफाळ्याचा, भातशेती करणाऱ्या घरातला. बायको किनाऱ्यावरच्या एका गावातली, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिचे वडील बोटीचे तांडेल. बोट समुद्रात कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो तांडेल. मी मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावरून उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पोरगा कसा हाय ते मागून बघू. आधी गारी सुरू करून दाखवा."

मी किक मारली. एकच. गाडी अशी गरजली की शेजारच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले बोंबील पुन्हा पोहायला लागले. सासरे कान देऊन ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या पयल्या बोटीचं इंजिन असंच बोलायचं." लग्न ठरलं. आमचा संसार त्या एका किकवर उभा आहे, आणि यात मी काडीचंही वाढवलेलं नाही.

तेव्हापासून सासऱ्यांच्या लेखी जावयाची किंमत म्हणजे पहिल्या किकला सुरू होणारी गाडी. माझी नोकरी, माझी बढती, बोईसरला घेतलेलं घर, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. मी गेलो की पहिला प्रश्न, "एका किकला झाली ना?" मी "हो" म्हणायचो. मग चहा यायचा.

आता खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांचे गुडघे गेले आणि त्यांचं समुद्रावर जाणं बंद झालं. बोट दोघा चुलतभावांची. सासऱ्यांच्या जागी त्यांचा धाकटा चुलतभाऊ जायला लागला. पण तांडेलकी कागदावर नसते. ती नारळी पौर्णिमेला ठरते. त्या दिवशी सगळं गाव वाजतगाजत बंदरावर जातं, आणि आमच्या सासरच्या बोटीची रीत अशी की बोटीचा नारळ ज्याच्या हातून समुद्राला जातो तो वर्षभर तांडेल. मग तो बोटीवर असो की ओट्यावर. घरापासून बंदरापर्यंतचा रस्ता लांब, शेवटी वाळू. गुडघे गेलेल्या माणसाला तो चालवत नाही. म्हणून दरवर्षी सासरे माझ्या गाडीवर मागे बसून जायचे. डोक्याला लाल टोपी, मांडीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, आणि पुढे मी. माझी गाडी बोलायची आणि मागे सगळं गाव चालायचं.

पहिल्या वर्षी मी रिक्षा सुचवली होती. सासरे म्हणाले, "मी काय मासळीची टोपली हाय, रिक्षात टाकून न्यायला?" विषय संपला. त्या गाडीवर नाहीतर नाही, हे ठरून गेलं.

तर गाडी सुरू होणं ही माझी हौस राहिली नव्हती. ती सुरू झाली तर सासरे बंदरावर जाणार होते, आणि ते बंदरावर गेले तरच तांडेल राहणार होते.

खाऱ्या वाऱ्यात जुनी गाडी सांभाळणं म्हणजे मांजरीला आंघोळ घालण्यातला प्रकार. पूर्वी या गाडीत ठिणगीसाठी पॉइंट होते, म्हणजे दोन इवलेसे धातूचे ओठ, इंजिन फिरलं की उघडझाप करणारे. त्या ओठांवर खारी हवा बसायची आणि ते तोंड वाकडं करायचे. मी खिशात कंगवा ठेवत नव्हतो, पॉलिश पेपर ठेवायचो. शेवटी दोन वर्षांपूर्वी कंटाळून बोईसरच्या एका मेकॅनिककडून पॉइंट काढून टाकले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. ओठ नाहीत, उघडझाप नाही. टाकीखाली एक काळी डबी, तिच्या शेजारी कॉइल, बस. त्यानंतर गाडी इतकी सुधारली की मी चप्पल पायात सरकवायचो आणि खाली पार्किंगमध्ये ती आपणहून घसा साफ करायची.

मग यंदाचा जून आला. बोईसरला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात इतकं पाणी भरतं की त्यात कोळंबी सोडली तर वर्षाची मासळी घरातच व्हावी. म्हणून मी दर पावसाळ्यात गाडी सासरी पडवीत नेऊन ठेवतो. यंदा कारखान्यात कामं निघाली आणि मला बरेच आठवडे तिकडे फिरकता आलं नाही.

आणि त्या आठवड्यांत सासऱ्यांच्या हाताला काम नव्हतं. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. पावसाळ्यात या गावांत दोनच गोष्टी होतात, जाळी विणणं आणि बोटीला रंग देणं. सासऱ्यांनी बोट रंगवली. मग उरलेल्या रंगाने घराची जाळीची खिडकी रंगवली. मग पाण्याच्या पंपाचं झाकण. मग पडवीत माझी गाडी दिसली.

मी गेलो तेव्हा क्षणभर वाटलं की कोणीतरी नवी गाडी घेतलीय. टाकी होडीसारखी निळी, चाकांचे आरे पांढरे, सांगाडा काळाकुळकुळीत. मागच्या मडगार्डवर एक डोळासुद्धा काढला होता, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, काढतात तसा. सासरे ओट्यावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"मामा, हे तुम्ही केलंत?"

"मंग कोन, समुद्रानं केलं? सगलं खोललं. गंज घासला, लाल प्रायमर मारला, वर दोन हात रंग. टाकी उतरवून आतून पन मारला. एक खिला उघडा ठेवला नाय. उघडं लोखंड दिसलं की खारा वारा त्याला खातो. आता खा म्हनावं."

मी इतका खूश झालो की त्यांच्या पाया पडलो. मग दांडी उचलली, कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून पेट्रोल ओघळवलं, आणि किक मारली.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. पुन्हा. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. मी किका मारत राहिलो. किती मारल्या ते सांगत नाही, कारण बायको ते डहाणूपर्यंतही कबूल करणार नाही. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू मावळत गेला. चहा आला नाही.

शेवटी गल्लीच्या उतारावरून ढकलत नेली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, तर पठ्ठी एका झटक्यात सुरू झाली. बोईसरला पोचेपर्यंत काही तक्रार नाही. घरी बंद केली, पुन्हा किक मारली, पुन्हा मुकी.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. मी ठरवलं, हिला सरळ केल्याशिवाय सोडायचं नाही.

आधी पेट्रोल. टाकीत पावसाचं पाणी गेलं असेल म्हणून सगळं पेट्रोल काढून बाटलीत भरून पाहिलं, नवं भरलं. कार्ब्युरेटर उघडून त्याची सगळी भोकं फुंकली. इतक्या जोरात, की समोरच्या बाल्कनीतले कपडे वाळले. फरक नाही. प्लग काढला तर ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी कमी पडतेय. नवा प्लग आणला. तोही ओला होऊन बसला. प्लग सिलिंडरला टेकवून किक मारली आणि अंधार करून बघितलं, तर ठिणगी होती, पण पिवळट, आजारी, दिवाळीच्या उरलेल्या फुलबाजीसारखी.

किक मारून मारून माझा डावा पाय उजव्यापेक्षा इतका जाड झाला की पँटीचा एक पाय सैल करायला शिंप्याकडे जावं लागलं. बायको खिडकीतून बघायची. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही गाडीला मारताय की गाडी तुम्हाला?"

"गाडी थकेल आधी."

"मग तिला थकू द्या. तुम्ही जेवायला या."

रविवारी गाडी मेकॅनिककडे नेली. अर्थात धक्का मारून. हा मेकॅनिक उत्तरेकडचा, बोईसरला येऊन बरीच वर्षं झालेला, आणि इग्निशन त्यानेच बसवलेलं असल्यामुळे जरा घाबरलेला. त्याने आधी मडगार्डवरचा डोळा बघितला आणि म्हणाला, "अंकल, ये मेरे को घूर क्यों रही है?"

"कारण तू बसवलेला करंट चालत नाही."

त्याने टाकी उतरवली. डबी आणि कॉइल दोन्ही काढली, टेबलावर ठेवली, आपल्या चिमट्यांच्या वायरी लावल्या, आणि टेबलावरचं करंट तयार करणारं जुनं चाक हाताने फिरवून दाखवलं. कॉइलमधून अशी निळी जाडजूड ठिणगी सुटली की शेजारच्या टपरीवाल्याने पाऊस येणार समजून छत्री उघडली.

"देखो अंकल, कॉइल टनाटन. डब्बा भी टनाटन."

"मग गाडीवर काय होतं यांना?"

"वही तो," असं म्हणून तो विचारात पडला. परत सगळं गाडीवर बसवलं. किक मारली. पिवळी, आजारी ठिणगी. त्याने मग नवी डबी लावून बघितली. तीही टेबलावर वाघ आणि गाडीवर शेळी. मी हायवेवर मनोरपर्यंत जाऊन तिथल्या जुन्या पार्टवाल्याकडून दुसरी कॉइलही आणली. तिचीही तीच तऱ्हा. मेकॅनिकने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अंकल, धक्के से तो चालू होती है ना. दो आदमी साथ में रखो."

मी त्याला सांगितलं की एका आदमीला मला मागे बसवून बंदरावर न्यायचंय, आणि गावासमोर त्याच्या गाडीला धक्का मारला तर तो माणूस वर्षभर तोंड दाखवणार नाही. तो म्हणाला, "फिर तो मुश्किल है." आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

घरी येताना तारापूरच्या दिशेच्या विजेच्या तारा दिसल्या. तिकडे अणुवीज तयार होते, ती या तारांतून कुठल्या कुठे जाते, आणि माझ्या एका प्लगला ठिणगीभर करंट मिळेना. मी त्या तारांकडे बघून मनातल्या मनात काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही सासरी पोचलो. बोईसरहून निघताना इमारतीच्या वॉचमनने धक्का मारला आणि मी वाटेत एकदाही गाडी बंद केली नाही. सिग्नलला, फाटकाला, बायकोला रस्त्यात फुलं घ्यायची होती तिथेही नाही. तिने चालत्या गाडीवरून फुलं घेतली. दारात गाडी बंद करावीच लागली. गल्लीच्या उताराला त्या दिवशी मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. म्हणजे धक्क्याचा रस्ताही बंद.

घरात नारळीभाताचा वास सुटला होता. सासरे लाल टोपी घालून ओट्यावर बसलेले, मांडीवर नारळ. समोर त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे बायकोचे काका, आपली नवी बॅटरीवरची स्कूटर घेऊन उभे. ते स्वभावाने चांगले आहेत. फक्त चांगुलपणा दाखवायची वेळ फार हुशारीने निवडतात.

"दादा, आवाज नाय, धूर नाय, घाम नाय," काका म्हणाले. "बटन दाबलं की निघाली. बसा मागं. नायतर नारल माझ्याकरे द्या, मी घेऊन जातो."

सासरे स्कूटरकडे बघत म्हणाले, "बोलत नाय ती गारी. भुतासारखी येते. समुद्राला कलनार कसा, कोन आलंय?" मग माझ्याकडे वळले. "जावय, एका किकला व्हईल?"

मी "हो" म्हणालो. तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

बायकोने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "बाबा नारळ काकांना देणार नाहीत आणि त्या स्कूटरवर बसणारही नाहीत. ओट्यावरच बसून राहतील. मग काकांना दुसरा नारळ घ्यावाच लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग किक मारत बसू नका. जरा डोकं चालवा."

हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे घडलेल्या गोष्टीचं श्रेय गावात भलतीकडेच गेलं. मी बाहेर आलो, गाडीसमोर पाटावर बसलो आणि दांडीला हात न लावता विचार करायला लागलो. टेबलावर ठिणगी जाडी, गाडीवर बारीक. धक्क्यावर सुरू होते, किकवर नाही. म्हणजे करंट तयार होतोय, पण वाटेत कुठेतरी अडतोय. इंजिन जोरात फिरलं की तो अडथळा तोडून जातो, किकच्या मंद फेऱ्यांत त्याला तेवढा जोर मिळत नाही. टेबलावर आणि गाडीवर फरक काय? टेबलावर मेकॅनिकने एक काळी वायर थेट कॉइलच्या अंगाला चिमट्याने लावली होती. करंट परत जायची वाट. गाडीवर ती वायर नसते. तिथे कॉइल सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते आणि सांगाड्याचं लोखंड हीच परतीची वाट.

सांगाड्याचं लोखंड.

मी कारखान्यात पंपांची आणि पॅनलची अर्थिंग तपासणारा माणूस. सोबत मीटर नेहमीच असतो, पौर्णिमेलाही. एक टोक कॉइलच्या अंगाला लावलं, दुसरं इंजिनच्या अंगावरच्या पात्यांना. मीटर वेड्यासारखा आकडे बदलत राहिला. कधी इतका अडथळा, कधी तितका, कधी नुसता नकार. टाकीखाली डोकं घालून पाहिलं. कॉइल जिथे बसते ती पट्टी काळीकुळकुळीत, चकचकीत. खाली लाल प्रायमर, वर दोन हात रंग. बोल्टच्या आट्यांतसुद्धा रंग. एक खिळा उघडा ठेवला नव्हता.

घरातून वायरचा तुकडा आणून एक टोक कॉइलच्या बोल्टला गुंडाळलं आणि दुसरं इंजिनला. उठलो, दांडी उचलली आणि किक मारली.

एक.

गाडी अशी गरजली की मांडवातल्या खुर्च्या आपणहून एका रांगेत आल्या. काकांची स्कूटर मागे सरकली. त्यांनीच सरकवली असेल, पण मला तसं वाटलं नाही. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वाढवून सांगू शकत नाही, कारण ते होतं तितकंच पुरेसं होतं. ते नारळ सांभाळत उठायला लागले, तेवढ्यात गाडीच्या थरथरीने वायरचा तुकडा निसटला आणि इंजिन फट्टकन बंद पडलं.

"जावय," काका म्हणाले, "बंदरापर्यंत किती वेला बांधनार ती वायर?"

प्रश्न रास्त होता. वाळूपर्यंतच्या रस्त्यावर इतके खड्डे की वायर पहिल्याच वळणावर मासे पकडायला गेली असती. रंग खरवडून लोखंडाला लोखंड भिडवण्याला पर्याय नव्हता. मी म्हणालो, "मामा, इथला थोडा रंग काढावा लागेल."

सासरे पुन्हा खाली बसले. "रंग?"

"एवढासाच. नाण्याएवढा."

"पुनवेला रंग खरवरत नाय आपल्यात. बोटीचा नाय, कशाचाच नाय. आनि रंगानं काय बिघरलं? रंगानं कधी काय बिघरत नाय. तुमच्या त्या डबीत खोट असंल."

"डबीत खोट नाही, मामा."

"मंग मेकॅनिकमधी असंल."

बायकोने दारातून माझ्याकडे पाहिलं. मला दोन वाटा दिसत होत्या. तिला सांगून त्यांना आत न्यायचं, मागे गुपचूप खरवडायचं, ही एक; त्यांच्याच तोंडून 'खरवडा' असं वदवायचं, ही दुसरी. पण आयुष्यभर रंगाने लोखंड वाचवलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याचाच रंग काढायचा, आणि तोही पौर्णिमेला, हे मला जमणारं नव्हतं. शिवाय त्या माणसाने पुढच्या जूनला पुन्हा तीच जागा रंगवली असती.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि विषय बदलल्यासारखं करून विचारलं, "मामा, बोटीच्या बुडाला पंख्याशेजारी ती जस्ताची वडी लावता ना? यंदा तिला कुठला रंग दिलात?"

"वडीला?" सासरे माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघायला लागले. "वडीला कोन रंग देतं? ती उघरी ठेवायची असते. खारं पानी पंख्याला खायाच्या आधी वडीला खातं. तिला रंग दिला तर ती काम कशी करनार? मंग पंखाच जाईल."

"आणि कोणी चुकून दिला तर?"

"मंग तो तांडेल नाय. तो पेंटर."

काका हसले. मी हसलो नाही. मी फक्त गाडीकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग टाकीखालच्या त्या चकचकीत काळ्या पट्टीकडे. त्यांचा हात नारळावर थांबला. गल्लीतले ढोल लांबून जवळ येत होते.

"ती पट्टी पन तशीच हाय का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. काकांना ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"तशीच, मामा. तिथून करंट परत जातो. उघडी पाहिजे."

"मंग आधी बोलायचं होतं."

"मलाही आत्ता कळलं."

त्यांनी मुलीला हाक मारली. "माझा खरवरायचा पत्रा आन गो. बोटीचा, लाकरी मुठीचा."

"बाबा, आज तर खरवडत नाय ना आपण?"

"बोट खरवरत नाय. ही काय बोट हाय?" आणि नारळ तिच्या हातात देऊन ते उठले. गुडघे धरून गाडीजवळ आले. मी टाकी सोडवली, कॉइल सैल केली. मी पत्र्यासाठी हात पुढे केला तर म्हणाले, "बाजूला व्हा. माझा रंग मीच काढनार."

त्यांनी तो नाण्याएवढा रंग असा काढला की शेजारच्या रंगाला ओरखडा नाही. आधी काळा थर उतरला, मग लाल, मग खालून लख्ख लोखंड बाहेर आलं. त्यांना ते बघवत नव्हतं. बघताना त्यांनी डोळे बारीक केले, जखमेवरची पट्टी काढताना करतात तसे. बोल्टच्या आटेही पॉलिश पेपरने घासले. मी कॉइल आवळली आणि उघड्या कडांवर बोटभर ग्रीस चोपडलं.

"हे काय?"

"खाऱ्या वाऱ्यासाठी. आत लोखंड लोखंडाला लागलेलं आहे, बाहेरून ग्रीस."

"हां," ते म्हणाले. चेहरा जरा मोकळा झाला.

ढोल दारात आले. मी टाकी बसवली, नळी लावली, पेट्रोल ओघळवलं. सगळं गाव बघत होतं. काका स्कूटरच्या बटणावर अंगठा ठेवून तयार. मी दांडी उचलली. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगितलं तर कोणी मानणार नाही, म्हणून सांगतो: काहीच नव्हतं. फक्त ती पट्टी होती.

एका किकला झाली.

सासरे मागे बसले. बायकोने नारळ त्यांच्या मांडीवर दिला. पुढे आम्ही, मागे ढोल, मागे गाव, आणि सगळ्यांत मागे काकांची स्कूटर, कोणालाही न कळता. बंदरावर वाळूच्या तोंडाशी मी गाडी थांबवली पण बंद केली नाही. दोघा पोरांनी सासऱ्यांना धरून पाण्यापर्यंत नेलं. काका वाटेत एकदा पुढे झाले आणि नारळासाठी हात केला, तर सासरे म्हणाले, "माझी गारी सुरू हाय अजून." काकांनी हात मागे घेतला. नारळ सासऱ्यांच्याच हातून गेला. मी किनाऱ्यावरून ॲक्सिलरेटर पिळला आणि गाडी बोलली. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण टोपी सारखी केली.

परत आलो तेव्हा ओट्यावर गर्दी होती आणि सासरे बोलत होते. "जावय कारखान्यात विजेचंच काम करतात. आठवरेच्या आठवरे शोधत होते, बोईसरचा मेकॅनिक झाला, मनोर झालं. करंट अरला कुठं, ते कोनाला कलंना. मंग मी बोललो, जस्ताच्या वडीसारखी ती पट्टी उघरी पायजे. काढला पत्रा, खरवरलं, एका किकला."

"रंग कोनी दिला होता त्याला?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"कंपनीनं," सासरे म्हणाले. पापणी हलली नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोरचा आपल्यापेक्षा मोठा कारागीर निघाला, हे बगळे गुजरातपर्यंत पाठवणाऱ्या माणसाला लगेच कळतं. मी मान डोलावली. "कंपनीनंच," मी म्हणालो. बायको आत नारळीभात वाढायला गेली.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा सासरे गाडीपाशी आले. वाकून टाकीखाली हात घातला आणि ग्रीसमधून ती जागा बोटाने चाचपली.

"पुढल्या जूनला गारी इथंच आना. तवर मडगार्डचा रंग उडंल. मी देनार."

"मामा..."

"तेवरी जागा सोरून." ते बोट धोतराला पुसत म्हणाले. "आता मारा किक."